बिनकांद्याचा वाडगा

शुक्रवार, १० मे
संध्याकाळ

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे, मी त्याला विचारत नाही आणि तो सांगत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी कुत्रा आणलाय. तो आपल्या दारावरून जाताना थांबतो, एकदाच भुंकतो आणि पुढे जातो, हजेरी घेतल्यासारखा. स्वयंपाकघरातला नळ शेवटी दुरुस्त झाला. तू जाताना लावून दिलेली पुदिन्याची कुंडी जिवंत आहे. एकूण काळजीचं काही नाही.

पत्र बघून दचकू नकोस. दर रविवारी फोन होतो, तरी म्हातारीला मधेच हे काय सुचलं, असं वाटेल तुला. गेल्या रविवारी तू विचारलंस, "अहो आई, मी पुन्हा लग्न केलं तर तुम्हाला चालेल का? तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला, मी त्यांना तसं सांगून टाकीन." त्यावर मी म्हणाले, "अगं थांब, दूध उतू जातंय," आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. दूध फ्रीजमध्ये होतं आणि मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते. तूही परत फोन केला नाहीस, म्हणजे तुला कळलंच असणार. पत्रात दूध उतू जात नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

तसं मला आधीच कळायला हवं होतं. गेले कित्येक रविवार तुझ्या बोलण्यात दात फार यायला लागले होते. "अहो आई, हिरड्यांकडे लक्ष द्या." "अहो आई, कडक ब्रश वापरू नका, झीज होते." मला वाटलं पोरगी दाढेने हैराण झालीय. दाढ दाखवायला गेलीस ती गेलीसच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दातांचा डॉक्टर आहे म्हणालीस, शांत आहे म्हणालीस. आणखीही काही म्हणत होतीस, पण तोवर माझं दूध उतू गेलं होतं. मऊ ब्रश मात्र मी आणलाय.

उत्तर देणार आहे. आधी दुसरं काहीतरी सांगते, म्हणजे हात जरा मोकळा होईल. तू सारखी मधे बोलतेस, ती सोय इथे नाही, हे एक बरं आहे.

उद्या दुकानात सगळ्यांचं एकत्र जेवण आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे काम थंडच असतं. लोकांचे कपडे आखूड करायचे आणि सैल करायचे एवढाच आमचा धंदा, आणि या उकाड्यात लोक मुळात कपडेच कमी घालतात. म्हणून मालकीणबाईंनी टूम काढली की प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून आणायचा. कापणारे मास्तर लगेच म्हणाले, "मी पाणी आणतो." गेल्या वर्षीही त्यांनी पाणीच आणलं होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मक्याचं सॅलड." का म्हणाले ते मला विचारू नकोस. गेले दोन उन्हाळे मी ते केलेलं नाही. तोंडातून निघून गेलं, मालकीणबाईंनी मान डोलावली आणि ठरलं.

सॅलड तुझं. तू या घरात आलीस त्या पहिल्या उन्हाळ्यात एक दिवस मी कामावरून आले तर ओट्यावर सगळे रंग मांडून ठेवलेले. मी विचारलं, "हे शिजवायचं कधी?" तू म्हणालीस, "अहो आई, हे असंच खायचं." मला वाटलं, संपलं, ही आता मला उतारवयात चरायला लावणार. मग मी तीनदा वाढून घेतलं आणि तू एक अक्षर बोलली नाहीस, नुसती वाढत राहिलीस. तेव्हाच मी मनात म्हटलं, हिचं आणि आपलं जमेल.

आता तुझंच तुला सांगते. दुकानातून निघाल्यावर भाजीवालीकडे गेले. कणसं ताजी होती, सालं घट्ट मिटलेली, टोकाचे केस अजून ओलसर. तू शिकवलंस तसं साल थोडं बाजूला करून दाण्याला नख लावलं. दूध उडालं. भाजीवाली ओरडली, "बाई, नख लावलेलं घ्यावं लागेल हं." मी म्हटलं, "घेते की, पळून जातेय का?" मग लाल ढोबळी मिरची घेतली, पिवळी ढोबळी घेतली. काकडी, छोटे टोमॅटो, लाल आणि नारिंगी दोन्ही, जांभळा कोबी इतकासा, लिंबं. रंग बघून घेत गेले. हल्ली मी सगळं बघूनच करते. जीभ बिघडलेली नाही, गोड ते गोड आणि कडू ते कडू कळतं, पण त्यात मला काही घेणंदेणं नसतं. चहा गार झाला तरी पिते. संपला की कप खाली ठेवते.

कणसं सोलली. केस निवडायला फार वेळ गेला, ते कुठेही चिकटतात, आत्ता लिहितानाही बाहीवर एक सापडला. उकळत्या पाण्यात कणसं सोडली, रंग उजळला तशी लगेच काढून गार पाण्यात टाकली. मग खोल भांड्यात कणीस उभं धरून सुरीने वरून खाली दाणे उतरवले. तरी काही उडालेच. एक तिकडे कपाटाच्या पायाशी पडलाय, इथून दिसतोय, पण गुडघा म्हणतो राहू दे. दाणे काढून झाल्यावर सुरी उलटी करून कणीस खरवडलं आणि आतलं दूध त्यातच पाडलं. हे केलं नाही तर निम्मा मका फेकून दिला असं समजायचं, असं तू म्हणायचीस. बाकी सगळं दाण्याच्या मापाने चिरलं, तुझ्या कुंडीतला पुदिना तोडून घातला. एवढी वर्षं मापावरच पोट भरतेय, तेव्हा तुकडे एकसारखे आले यात माझं कौतुक नको.

कांदा शेवटी. बारीक चिरून गार पाण्यात बुडवून पिळून काढला. चिरताना डोळ्यांत पाणी आलं नाही. हे बरेच महिने चाललंय, म्हणून तर परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. तो म्हणाला, कांदा चिरून पाणी येत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच. मग दिवा मारून तपासलं. डोळे कोरडे पडलेत म्हणे, वयाने होतं. औषध दिलंय. आता मी सकाळ-संध्याकाळ बाटलीतून रडते.

तर झालं एकदाचं. एक मोठा डबा भरला आणि निळा वाडगा भरला. दोन्ही झाकून फ्रीजमध्ये ठेवलेत. लिंबू आणि मीठ उद्या दुकानात घालीन, आत्ता घातलं तर रात्रीत पाणी सुटेल.

आता तुझं उत्तर. पण हाताला कांद्याचा वास येतोय, तो कागदाला लागेल. उद्या लिहिते.


शनिवार
संध्याकाळ

वर काय लिहिलंय ते आत्ता वाचलं. "एक मोठा डबा भरला आणि निळा वाडगा भरला." माझंच अक्षर आहे. काल लिहिताना मला काहीसुद्धा खटकलं नव्हतं. तुला खटकलं असेल. वाचता वाचता तू तिथेच थांबली असशील.

सांगते कसं झालं ते. दुपारी कापायचं मोठं टेबल रिकामं केलं, कात्र्या आणि खडू खाली ठेवले, जुन्या पडद्याचं कापड अंथरलं आणि सगळे बसलो. मी डबा उघडला, वाडगा उघडला, दोन्हींत लिंबू पिळलं. मास्तर वाकून बघत म्हणाले, "हे तर कापडाचे नमुने मांडल्यासारखं दिसतंय." त्यांच्या तोंडून आलं म्हणजे ही स्तुती समजायची. बटणं लावायला एक नवीन मुलगी ठेवलीय, भारी बोलकी आहे, दिवसभर काही ना काही विचारत असते. तिने वाडग्याकडे बोट दाखवलं.

"काकू, ह्यात काय वेगळंय?"

"त्यात कांदा नाही," मी म्हणाले. "आमच्या ढब्बूला चालत नाही."

कसं म्हणाले सांगू? पाण्याचा पेला इकडे दे म्हणावं, तसं. मास्तरांनी हातातला जग खाली ठेवला. मालकीणबाई स्वतःच्या ताटात बघायला लागल्या. आणि ती मुलगी हसली. तिला बिचारीला काय माहीत! म्हणाली, "ढब्बूला कांदा चालत नाही? अहो काकू, ढब्बूच तर चिरून घातलाय की तुम्ही ह्यात!" आणि चमच्याने एक लाल तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला.

कुणीच हसलं नाही. मग ती एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. मास्तर तिला म्हणाले, "खा गं तू, खा." मी म्हटलं, "असू दे मास्तर. ढब्बू म्हणजे माझा मुलगा."

"अय्या! मग त्यांच्यासाठी ठेवा ना," ती म्हणाली. "आपण कशाला संपवायचं?" आणि तिने वाडग्यावर झाकण घट्ट बसवलं, आडवा होऊ नये म्हणून खाली घडी केलेलं कापड ठेवलं आणि माझ्या पिशवीत घातला. इतक्या मायेने केलं की मला तिला काही सांगवेना. नंतर कुणीतरी बाजूला घेऊन सांगितलं असावं. दुपारभर ती माझ्याकडे न बघता बटणं लावत होती आणि एका सदऱ्याची सगळी बटणं तिने आतल्या बाजूने लावली.

तुला वाटेल, मी तिथे कोसळले वगैरे. नाही गं. मला काहीच वाटलं नाही. मी जेवले, सगळे जेवले. पानं उचलायची वेळ आली तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या सॅलडात मीठ राहिलंय." म्हणजे एवढा वेळ सगळे मुकाट्याने अळणी खात होते, मला वाईट वाटेल म्हणून, आणि मी त्यांच्याबरोबर तेच खात होते तरी मला कळलं नव्हतं. हे मात्र लागलं मला. मुलाचं नाव निघालं तेव्हा काही झालं नाही आणि मिठावरून कानशिलं तापली. काय म्हणावं या बाईला!

आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काल मी ढोबळी मिरची असं लिहिलं. तुझ्या ते लगेच लक्षात आलं असेल. या घरात कधी कुणी ढोबळी म्हटलंय? मी जन्मभर ढब्बूच म्हणत आले. तो जन्मला तेव्हा असा गुबगुबीत होता की त्यालाही तेच नाव चिकटलं, आणि पुढे काडी झाला तरी सुटलं नाही. तुला आठवतं, तू नवीन होतीस, मी न्हाणीघरातून ओरडले होते, "अगं, ढब्बू चिरून ठेव!" आणि तू सुरी घेऊन त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिलीस. "आईंची आज्ञा आहे," म्हणालीस. तो पलंगावर चढून उशी पुढे धरून उभा होता. मी ओल्या केसांनी बाहेर आले तर तुम्ही दोघं हसताय, आणि कुणी मला काय झालं ते सांगेना.

तो गेल्यापासून मी भाजीवालीला "ती फुगलेली लाल दे" म्हणते. ती देते. तिला वाटत असेल, बाईंना शब्द आठवत नाहीत. तू वर्षभर माझ्याबरोबर राहिलीस, नोकरी लागून त्या शहरात गेलीस, तोवर आपण दोघी एकाच टेबलावर रोज जेवलो आणि एकदाही तो शब्द उच्चारला नाही. भाजीचाही नाही आणि त्याचाही नाही. तू "हे असताना" म्हणायचीस, मी "तेव्हा" म्हणायचे. आपलं भागत होतं.

आणि वाडग्याचं म्हणशील तर हातांनी केलं. त्याला कच्चा कांदा लहानपणापासून चालायचा नाही. म्हणून सगळं कालवून झालं की आधी त्याचा वाडगा काढायचा आणि मग उरलेल्यात कांदा घालायचा, ही आपली पद्धत. काल हातांनी तेच केलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी मला विचारलं नाही.

वाडगा परत फ्रीजमध्ये ठेवलाय. तुझं उत्तर आजही राहिलं. उद्या अकराला तुझा फोन येईल, त्याआधी लिहून संपवते.


रविवार
सकाळ

फ्रीज उघडला तर वाडगा समोर. टोमॅटोंनी पाणी सोडलंय, काकडी मलूल झालीय, पुदिना काळा पडलाय. मका तेवढा पिवळाधमक आहे. टाकवेना. ती मुलगी म्हणाली, त्यांच्यासाठी ठेवा. ठेवला असता गं.

वाडगा हातात घेऊन, फ्रीजचं दार तसंच उघडं टाकून मी उभी राहिले. गार हवा पोटावर येत होती, आणि मला ती सकाळ आठवली. आपण दोघी तिच्याबद्दल कधी बोललो नाही. तू एकटीने ती कितीदा आठवली असशील, मला माहीत नाही. मी आठवत नव्हते. आज लिहिते.

तू माझ्या खोलीच्या दारात आलीस आणि म्हणालीस, "अगं आई." एवढंच. मी अर्धवट झोपेत. मला वाटलं तुला काहीतरी लागलं. बोट चेमटलं, पाय ठेचकाळला की माणूस "अगं आई गं" म्हणतोच की. तू तर मला कायम अहो म्हणायचीस. किती वेळा सांगितलं होतं, अहो सोड, अगं म्हण. तर म्हणायचीस, "माझी आई मी लहान असतानाच गेली. मला कुणाला अगं आई म्हणायची सवयच नाही, जीभ वळत नाही." त्यामुळे तू मला हाक मारतेयस हे मला कळलंच नाही. मी विचारलं, "दारात बोट सापडलं का?" आणि उठून स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला, बर्फाचा ट्रे काढला. बर्फ सुटेना म्हणून तो नळाखाली धरला. तू मागे येऊन उभी राहिलीस. मी फडक्यात बर्फ गुंडाळून तुझ्या हातात दिला आणि तू तो घेतलास. मग म्हणालीस, "ढब्बू उठत नाहीये."

पुढे डॉक्टर आले, झोपेतच गेलाय म्हणाले, माणसं जमली, सगळं झालं. तू तो बर्फ सोडला नव्हतास. संपेपर्यंत धरून ठेवलास आणि खाली पाणी झालं. ते मी पुसलं. त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट काय आठवत असेल तर मी फरशी पुसली ते. दुसऱ्या दिवसापासून तू पुन्हा अहो म्हणायला लागलीस.

तुझ्या दातवाल्याला माझं एक विचार. दाढ काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना? मग गाल आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही, घरी येऊन आरशात बघावं तेव्हा रक्त दिसतं. माझं तसं झालंय, दोन वर्षं. हे किती टिकतं आणि उतरताना दुखतं का, ते त्याला विचारून सांग. खरं सांग म्हणावं. दातांचे डॉक्टर मुंगी चावल्यासारखं होईल म्हणतात आणि फसवतात.

आता ऐक. त्या दिवशी फोन ठेवून मी खुर्चीत काय विचार करत होते ते सांगते. ही लग्न करणार, म्हणजे ही माझी सून राहणार नाही. मग मी कोण? तो होता तेव्हा मी त्याची आई होते, तो गेल्यावर निदान तुझी सासू तरी होते. तूही गेलीस की माझी हजेरी घ्यायला तो खालचा कुत्रा. आणि ढब्बूला कांदा चालायचा नाही, हे जगात माझ्याशिवाय फक्त तुला माहीत आहे. ते तू दुसऱ्याच्या घरी घेऊन जाणार, आणि तिथे ते कुणाच्या काय उपयोगाचं? म्हणून मला नाही म्हणायचं होतं. अगदी तोंडाशी आलं होतं. तुला दूध सांगितलं ते त्यापेक्षा बरं म्हणून सांगितलं.

आणि तुझंही काही कमी नाही. "तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला" हे काय बोलणं झालं? सगळं माझ्या डोक्यावर ठेवून तू नामानिराळी! मी नाही म्हटलं असतं तर तू खरोखर थांबली असतीस, दर रविवारी फोन केला असतास, गुडघ्याची चौकशी केली असतीस आणि एकदाही बोलून दाखवलं नसतंस. मी ओळखते तुला. याचा मला राग आला होता. आज जरा कमी आहे.

तर मग मी फ्रीजचं दार लावलं आणि एक कांदा घेतला. बारीक चिरला, पाण्यात वगैरे बुडवला नाही. वाडग्यात घातला, आठवणीने मीठ घातलं, ढवळलं आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं नाही, उगाच काहीतरी मनात आणू नकोस. पण कांदा तिखट होता, नाकात गेला, ठसका लागला. आणि त्याच्यामागून मका गोड लागला. एवढं कळलं मला. सगळं संपवलं, वाडगा घासून पालथा घातला.

लग्न कर. मनापासून सांगतेय. आता अकरा वाजत आलेत, तुझा फोन येईल. फोनवर मी यातलं काही बोलणार नाही, मला जमायचं नाही. आपण कुत्र्याचं बोलू, नळाचं बोलू. पत्र पोचलं की मग तू काय ते बोल. आणि त्याला घेऊन ये, कणसं आहेत तोवर ये. सॅलड मी करीन. ढब्बू लाल आणि पिवळा दोन्ही घालीन. मी आतून "ढब्बू चिरून ठेव" असं ओरडले तर काय समजायचं, ते त्याला येतानाच सगळं सांगून ठेव. ढब्बू कोण होता तेही सांग, आपण दोघीच किती दिवस पुरणार?

फक्त एक कळव. त्याला कच्चा कांदा चालतो ना? नसेल चालत तर लाजू नको म्हणावं, निळा वाडगा आहे.

आणि मी आता तुझी सासू राहणार नाही, तेव्हा अहो म्हणायला तुला काही निमित्त उरत नाही. त्या सकाळी तू हाक मारलीस ती मला कळली नव्हती. आता मार. मी ओ देईन.

तुझी,
अगं आई